सात मिनिटांनी

दर सात मिनिटांनी
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल पट्टी वर येते.
घुसखोरीचा प्रयत्न अडवला आहे.
खाली टिंबांनी तोडलेला आकड्यांचा पत्ता,
एक बारका बाण,
ब्राउझरचं नाव.
तुम्हाला काही करण्याची गरज नाही, असंही लिहिलेलं.

पहिल्या दिवशी बरंच वाटलं,
कुणीतरी जागं आहे आपल्यासाठी.
तिसऱ्या दिवशी
पट्टी यायच्या आधीच माझी मान वळायला लागली.

वडगावात माझं हे दुकान.
भिंतीपलीकडे ढवळींचे चार माग,
अलीकडे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर
आणि बाकावर पाचसहा माणसं,
मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कागद.
उतारा, दाखला, रेशनकार्डातलं चुकलेलं नाव.
सांगायचं मराठीत,
भरायचं कन्नडात.

पट्टी आली की बाक गप्प होतो.
"कोण घुसायलंय ग?" यल्लुबाई मुचंडीकर विचारतात.
"अडवलंय, मावशी."
"अडवलंय, तर परत कसं येतंय?"

मदतीच्या नंबरवर अठरा मिनिटं थांबून
मी हाच प्रश्न विचारला.
मुलगा म्हणाला, मॅडम, म्हणजे संरक्षण नीट चाललंय.

मग मी सगळं केलं.
साठवलेलं पुसलं, इतिहास पुसला,
रात्रभर स्कॅन लावून घरी गेले;
सकाळी हिरवी खूण, काही सापडलं नाही,
आणि हिरव्या खुणेच्या शेजारीच लाल पट्टी.
ब्राउझर काढून टाकला, नवा घातला,
माझ्या नावाने आत शिरले
तर जुनं सगळं मागोमाग येऊन बसलं.
तेही.

आता माणसांकडे बघायला लागले.
कुणाच्या खिशात पेन ड्राइव्ह आहे,
कुणी माउसला हात लावला.
हलग्याचा सुकुमार स्कॉलरशिपचा अर्ज घेऊन आला,
शेवटची तारीख होती.
त्याचा पेन ड्राइव्ह मी बोटांच्या चिमटीत धरून परत दिला.
म्हटलं, दुसरीकडे बघ.
तो काही बोलला नाही.
चपला घालायला त्याला फार वेळ लागला.

दुपारी लाइट गेली, माग थांबले.
रुद्राप्पा ढवळी दारात टेकून पान लावत होते.
म्हणाले, तार तुटली म्हणून
कुणी सगळा ताणा सोडत नाही बाई.
एकेका तारेवरनं हात फिरवायचा.

ब्राउझरला मी नऊ जोडण्या लावलेल्या.
एक बंद करायची, सात मिनिटं थांबायचं.
पट्टी आली, पुढची बंद.
दुसरी. तिसरी.
मधे एक उतारा, दोन झेरॉक्स, कुणाचं तरी लाइटबिल.
सहावी बंद केली
आणि काहीच आलं नाही.

सहावी माझी होती.
दुकान उघडलं त्या महिन्यातली,
इंग्रजी दाबलं की कन्नड उमटवणारी.
तेव्हा मला अक्षरं धड ओळखू येत नव्हती,
मराठी शाळेतली मी,
आणि समोर बाकावर माणसं थांबलेली.
तिने विचारलं होतं,
सगळीकडचं सगळं वाचू का, बदलू का?
मी न वाचताच हो म्हटलं.
मधल्या काळात तिचा मालक बदलला.
मला कुणी कळवलं नाही,
मीही कधी विचारलं नाही.

तो बारका बाण तेव्हा नीट बघितला.
तो आत येतच नव्हता.
इथून, माझ्या टेबलावरून,
बाहेर निघाला होता
दर सात मिनिटांनी, बाकावरच्या कुणाचं काय काय घेऊन.

काढून टाकली.
रात्री अकरापर्यंत पासवर्ड बदलत बसले.
दुसऱ्या दिवशी अर्ज समोर आला
तर बोटं आपसूक कन्नडाच्या कळांवर गेली,
अडली नाहीत.
कधी शिकली होती, कोण जाणे.

सुकुमारला तीनदा फोन लावला.
वाजतो, वाजतो, बंद होतो.

यल्लुबाई बाकावरून कोपऱ्याकडे बघतात.
"आज आलं नाही ग ते?"
माझीही मान वळलेली असते.